मदत हवी आहे: सिम्युलेशनमध्ये हॅमिल्टनचा नियम आणि स्थानिक स्पर्धा

नमस्कार. हॅमिल्टनचा नियम (नातेसंबंध × फायदा हा खर्चापेक्षा जास्त असेल तर परोपकार टिकतो) संगणकावर तपासतो आहे. २०×२० ची जाळी, कडा एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येक घरात एक जीव, चार शेजारी. परोपकारी जीव प्रत्येक शेजाऱ्याला ६ देतो आणि दर शेजाऱ्यामागे १ गमावतो. निवडीचा दाब, म्हणजे या फायद्या-तोट्याचा प्रजननावर होणारा परिणाम, मुद्दाम कमी ठेवला आहे (०.०१). सुरुवातीला निम्मे परोपकारी, निम्मे स्वार्थी.

आधी यादृच्छिक मृत्यू, मग रिकाम्या जागेसाठी शेजाऱ्यांत स्पर्धा, असा क्रम ठेवला की परोपकारी निम्म्याहून अधिक वेळा जिंकतात. हे अपेक्षितच, कारण फायदा-खर्च गुणोत्तर शेजाऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त आहे. पण क्रम उलटा केला, म्हणजे आधी जन्म आणि पिल्लू कोणत्याही एका शेजाऱ्याची जागा घेते, की परोपकारी मागे पडतात. रिग्रेशनने काढलेली नातेसंबंधाची पातळी (शेजारी सरासरीपेक्षा किती अधिक आपल्यासारखा असतो) मात्र दोन्हीकडे धनच येते!

कारण ढोबळपणे कळते: मदत मिळालेल्याची जादा पिल्ले मदत करणाऱ्याच्याच नातलगांना हटवतात. पहिल्या क्रमात स्पर्धक दोन घरे दूर असतात, दुसऱ्यात अगदी शेजारी. जीवशास्त्राचे गणिती अभ्यासक टेलर यांनी १९९२ मध्ये दाखवलेला परिणामही (स्थानिक स्पर्धा नातलगांना मदतीचा फायदा पुसून टाकते) याच जातीचा.

अडले आहे ते हिशेबात. हटवलेल्यांचे नुकसान खर्चात धरायचे, की नातेसंबंधच स्पर्धेच्या वर्तुळाच्या सरासरीशी तुलना करून मोजायचा? दोन्ही एकत्र केले तर तेच नुकसान दोनदा मोजले जाईल, असे वाटते.

शिवाय प्राइस समीकरणाने (गुणधर्माच्या सरासरीतला पिढीगणिक बदल मोजणारे सूत्र) गटांतर्गत आणि गटांमधली निवड वेगळी करताना, गट म्हणून जाळीवर आखलेल्या चौकटी सरकवल्या की आकडे बदलतात. सलग जाळीवर अशा विभागणीला अर्थ उरतो का? की गट एकत्रच स्थलांतर करतील, असे वेगळे मॉडेल घ्यावे? कृपया सूत्रासह सांगा.