मदत हवी: डावा दंड आणि डावी छाती बारीक, उजवी भरतेय (तातडीचं)

सुसाट_सातारा
नमस्कार मंडळी. जिमला जातोय बरेच दिवस. उजवा दंड मस्त भरलाय, डावा जिथल्या तिथे. छातीचंही तेच, उजवी बाजू उठून दिसते. बेंच (बाकावर झोपून छातीवरून रॉड वर ढकलायचा) मारताना रॉड डावीकडे तिरका होतो आणि आख्खी जिम बघते. ट्रेनरला विचारलं तर म्हणाला, 'होईल, खात जा.' डावी बाजू लवकर कशी भरायची? नेमका व्यायाम सांगा. 'संयम ठेव' वगैरे लिहू नका, वेळ नाहीये.

घामटं_पोरगं
रॉड सोड, डंबेल घे. रॉडवर दणकट हात कमजोर हाताचं वजन गुपचूप उचलत राहतो, डंबेलमध्ये ती सोय नाही. सेट डाव्या हाताने सुरू करायचा. डाव्याने नीट जेवढे रेप्स (एका सेटमधल्या उचलण्या) निघतील तेवढेच उजव्याने मारायचे, उजव्यात दम उरला तरी थांबायचं. माझा फरक असाच गेला.

बल्लू_बारामती
वरच्याशी असहमत. बरोबरीने मारून फरक कसा भरणार? डाव्याला जास्तीचे चार-पाच सेट दे, उजव्याला महिनाभर सुट्टी. साधं गणित आहे.

घामटं_पोरगं
@बल्लू, तुझ्या गणिताने डावा खांदा आधी बसेल. आणि उजवा बंद कशाला ठेवायचा? एका हाताला व्यायाम दिला की दुसऱ्याचीही ताकद थोडी वाढते. येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या माणसाने १८९४ साली हे दाखवलंय. हात प्लास्टरमध्ये असला की म्हणूनच दुसऱ्याला कामाला लावतात.

बल्लू_बारामती
१८९४ साली लोक व्हे प्रोटीनची पावडर घेत नव्हते.

कुमुद_फिजिओ
सुसाट, व्यायाम नंतर सांगते, आधी माहिती द्या. वय किती? उजवे की डावखुरे? फरक टेपने मोजलाय की आरशात दिसतोय? मोजताना खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतचं अंतर घेऊन त्याच्या बरोबर मध्यावर टेप धरा, दोन्हीकडे हात सैल सोडून. वापरातला हात सेंटीमीटरभर जाड असणं अगदी सामान्य आहे. दुसरं, डाव्या हाताला मुंग्या, बधिरपणा, मान दुखणं असं काही? पूर्वी काही लागलंय का? आणि रॉड तिरका नेमका कुठे होतो, छातीवरून उचलताना की पूर्ण वर नेल्यावर?

तालीमवाला
हे सगळं मशीन-डंबेलचं खूळ. आमच्या वस्तादांनी कधी टेप धरली नाही. जोर, बैठका, सपाट्या. जमिनीवर दोन्ही तळहात टेकले की शरीर आपोआप दोन्हीकडून भरतं. वर मुद्गल फिरव, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. कोल्हापूरच्या तालमीत एका बाजूने वाकडा पैलवान दाखवा, खासबागेत सत्कार करतो.

नुसता_वाचक
पैलवानही एकाच बाजूने डाव टाकतात की. कान बघा त्यांचे, एक जास्त फुटलेला असतो.

तालीमवाला
कानाचा काय संबंध?

सुसाट_सातारा
वय २२, उजवा. मोजलं, दंडात दीड-पावणेदोन सेंमी फरक येतोय. मुंग्या वगैरे काही नाही. खालून रॉड दोन्हीकडून सारखाच निघतो, वर गेल्यावर डावीकडे कलतो. कुणीतरी फक्त व्यायाम सांगा ना. एवढी चौकशी कशाला?

रिकामटेकडा_एमएस्सी
एक शक्यता कोणीच लिहिली नाही. पोलंड सिंड्रोम. यात छातीच्या मोठ्या स्नायूचा भाग एका बाजूला जन्मतःच नसतो. देशाशी संबंध नाही, लंडनमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ मध्ये वर्णन केलं म्हणून ते नाव. कमरेवर हात ठेवून जोरात दाबा आणि काखेची पुढची घडी बघा. एका बाजूला घडीच नसेल तर तो प्रकार.

सुसाट_सातारा
दोन्हीकडे आहे घडी. घाबरवू नका राव.

बोका_ब्रॅम्प्टनचा
प्लेटा बदलून बघितल्या का? आमच्या जुन्या जिममध्ये १० किलोची एक प्लेट वजनकाट्यावर नऊ-सव्वानऊ भरली होती. डावी-उजवी अदलाबदल कर, तरी डावीकडेच कलला तर दोष तुझा. बेंचखालची फरशीही बघ.

सुसाट_सातारा
बदलल्या. डावीकडेच.

डॉ_पण_सुट्टीवर
तरुण मुलगा, एकच हात बारीक म्हटल्यावर एक प्रश्न विचारावाच लागतो. फक्त दंड बारीक आहे की तळहात आणि कोपराखालचा भागही? करंगळीच्या बाजूचं मांस उतरलंय का, थंडीत बोटं काम करेनाशी होतात का, शर्टाची बटणं लावताना त्रास? हिरायामा नावाचा आजार पंधरा ते पंचविशीच्या मुलांत दिसतो. जपानमध्ये १९५९ साली वर्णन झालं, आपल्याकडेही रुग्ण असतात. त्यात मान पुढे वाकवल्यावर मज्जारज्जूवर ताण येतो. तसं असेल तर जिम बाजूला ठेवून न्यूरॉलॉजिस्ट गाठायचा. नसेल तर माझं सोडून द्या.

सुसाट_सातारा
बोटं एकदम ठीक. पकड दोन्ही हातांची सारखी, डेडलिफ्टला काहीच अडचण नाही.

कुमुद_फिजिओ
छान, डॉक्टरांची शंका मिटल्यासारखी वाटतेय. पण रॉड फक्त वर गेल्यावर कलतो हे महत्त्वाचं आहे. ताकद कमी असती तर तो मध्येच अडकला असता. आता एक करा. आरशासमोर दोन्ही हात समोर धरा, तळवे वर, कोपरं पूर्ण ताणा. डावं उजव्याइतकं सरळ होतं का? आणि 'पूर्वी काही लागलंय का' हे मी विचारलं होतं, ते उत्तरातून गळलं.

सुसाट_सातारा
नाही होत, थोडं वाकलेलंच राहतं. ते तसंच आहे आधीपासून. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडलो होतो, कोपराजवळ मोडलं होतं, प्लास्टर होतं. पण तेव्हा दुसरीत होतो, त्याचा आत्ताच्या बायसेप्सशी काय संबंध?

घामटं_पोरगं
भावा!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

नुसता_वाचक
+१. इथे पोलंड आणि जपान फिरून झाले.

माई_इस्लामपूर
आमच्या इकडे हाडवैद्य आहेत, वंशपरंपरागत. कोपर चोळून चोळून सरळ करतात, तेल स्वतः बनवतात. माझ्या दिराचं मनगट त्यांनीच बसवलं. नंबर व्यनि (खासगी निरोप) करते.

कुमुद_फिजिओ
माई, राग मानू नका, पण मनगटाचं माहीत नाही, कोपर कुणी चोळायला देऊ नये. कोपराच्या मोडीनंतर जोरात मालिश केली किंवा ओढून सरळ केलं की तिथल्या स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि सांधा आणखी आखडतो. आपल्याकडे हे ऑर्थोपेडिकवाल्यांच्या रोजच्या बघण्यातलं आहे. सुसाट, तेव्हा चोळलं होतं का?

सुसाट_सातारा
प्लास्टर निघाल्यावर आजी रोज चोळायची. गावातल्या एकाने दोनदा ओढून पण दिलं होतं.

माई_इस्लामपूर
आजीच्या हातचं तेल होतं म्हणून निदान एवढं तरी सरळ झालं असेल. सगळ्यालाच नावं ठेवायची पद्धत झालीय हल्ली.

तालीमवाला
माईंशी सहमत. तालमीतल्या मातीत आणि तेलात जी ताकद आहे...

कुमुद_फिजिओ
निरोगी स्नायूंची मालिश हा वेगळा विषय, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.
सुसाट, कोपर काही अंशांनी वाकलेलं राहिलं की वर गेल्यावर डाव्या हाताची लांबी कमी पडते, म्हणून रॉड कलणारच. तो सरळ ठेवायच्या हट्टाने तुम्ही खांदा उचलून छातीचं काम उजवीकडे ढकलत असणार. शेवटच्या टप्प्यात कोपर सरळ करण्याचं काम ट्रायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूचं, तेही डाव्या बाजूला पूर्ण होत नाही. दंडाच्या जाडीत निम्म्याहून जास्त वाटा ट्रायसेप्सचाच. बायसेप्स कितीही मारलात तरी टेप फारशी हलायची नाही.
आधी ऑर्थोपेडिककडे दोन्ही कोपरांचा एक्स-रे. तोवर जड रॉड बंद. जमिनीवर झोपून डंबेल प्रेस करा, तळवे एकमेकांकडे, डावं कोपर जिथपर्यंत आपोआप जातं तिथपर्यंतच. झटका देऊन लॉक करायचं नाही. ओढण्याचे व्यायाम एकेका हाताने, आधी डावा. रेप्सचं घामटं म्हणाले तेच. डाव्याला एखादा सेट जास्त चालेल, बल्लूंचे पाच नकोत.

बल्लू_बारामती
बरं, दोन.

घामटं_पोरगं
घाई कसली आहे पण? लग्न?

सुसाट_सातारा
पोलीस भरती. म्हणून म्हणतोय वेळ नाही. छाती ७९ भरते, फुगवून ८४ च्या वर जाते, त्याचं टेन्शन नाही. सोळाशे मीटर पण निघतं. रोज पहाटे ग्राउंडवर गोळा टाकतो, ७.२६० किलोचा.

घामटं_पोरगं
कोणत्या हाताने?

सुसाट_सातारा
उजव्या. अजून कोणत्या?

बोका_ब्रॅम्प्टनचा
रोज पहाटे उजव्या हाताने सव्वासात किलो ढकलतोस आणि विचारतोस उजवा जाड का.

सुसाट_सातारा
गोळाफेकीला १५ मार्क आहेत. तो तर बंद करणार नाही.

घामटं_पोरगं
बंद करू नकोच. भरतीत दंड सारखे आहेत का हे कोणी टेप लावून बघत नाही, मार्क गोळ्याला आहेत. गोळा संपला की तिथेच ग्राउंडवर डाव्याने दोन सेट, हलकं डंबेल, घरी परत. फरक पूर्ण जाणारही नाही कदाचित, काय बिघडतं?

डॉ_पण_सुट्टीवर
दंडाचं बरोबर, पण कोपराकडे दुर्लक्ष नको. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत कोपर बघतात, पोलिसांचंही मेडिकल असतंच. एक्स-रे आत्ताच काढा आणि तिथल्याच डॉक्टरांना भरतीचं स्पष्ट सांगा. किती अंश कमी आहे ते मोजून लिहून घ्या.

नुसता_वाचक
सिव्हिलला काढ, खासगीत उगाच पैसे जातील.

माई_इस्लामपूर
सिव्हिलला सकाळी लवकर जा रे बाळा, केसपेपरलाच रांग असते. डबा घेऊन जा.

सुसाट_सातारा
सोमवारी जातो. पण आज संध्याकाळी चेस्ट आहे. जमिनीवरचा डंबेल प्रेस किती किलोने सुरू करू?

कुमुद_फिजिओ
डाव्याने दहा-बारा रेप्स सहज निघतील आणि आणखी दोन-तीन निघाले असते असं वाटेल तेवढं. कोपरात दुखलं तर तिथेच थांबा.

तालीमवाला
आणि एक्स-रे झाला की मुद्गल.

पिंट्या_९९
माझी एक पोटरी बारीक आहे. उपाय सांगा लवकर.

नुसता_वाचक
नवा धागा काढ. आणि झाडावरून पडला असशील तर पहिल्या ओळीत लिही.