भांग, गांजा आणि कायदा: तुमच्या घरातले, गावातले अनुभव लिहा

मोगरा
भाचा स्टुटगार्टला असतो. परवा त्याने बाल्कनीतल्या कुंड्यांचा फोटो पाठवला. आईने चष्मा पुसून बघितला आणि म्हणाली, "झेंडू छान तरारलाय की याचा! दसऱ्यापर्यंत फुलेल." तिकडून हा हसतोय. "आजी, गांजा आहे तो. इथे चालतो."
तिथे १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावता येतात, जवळ २५ ग्रॅम आणि घरात ५० ग्रॅम ठेवता येतो. मला वाटलं आई आता त्याची खरडपट्टी काढणार. तर ती म्हणाली, "तुझ्या पणजोबांच्या वेळी असतास तर देवळात खपला असतास."
मग सगळं आठवलं. आजोळ नगरकडचं. ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ, महाशिवरात्रीच्या आधी बैरागी उतरायचे. आजोबा माळकरी, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही, पण बैराग्यांचा शिधा आमच्या घरून. चिलीम भरायला घेतली की आम्हा पोरांना पिटाळायचे. पोलीसपाटील तिथेच बसलेले असत. सगळं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याच्या आधीचं. इंग्रजांच्या राज्यात तर नगर भागात परवान्याने गांज्याची शेती व्हायची.
तर प्रश्न असा, की सज्ञान माणसाला कायद्याने मोकळीक असावी का? मतं नंतर, आधी अनुभव लिहा.

पोहेवाला
लोकलमध्ये आहे, थोडक्यात लिहितो. बनारस, मित्राचं लग्न. "सरकारी भांग का ठेका" अशी पाटी बघून आमचा ग्रुप गहिवरला. गोळी खाल्ली. अर्धा तास काहीच नाही म्हणून एकाने अजून एक खाल्ली. पोटातून घेतलेली भांग चढायला तास-दीड तास लागतो हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तो घाटाच्या पायऱ्यांवर बसून "मी उतरतोय की पायऱ्या वर येताहेत" एवढंच विचारत होता. लग्न हुकलं. दादर आलं, बाय.

मोगरा
हसून हसून पुरेवाट! नवरदेव काय म्हणाला?

तालुका_वकील
पुरवणी जोडतो. बनारसला चालतं कारण १९८५ च्या केंद्रीय कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचा फुलोरा आणि 'चरस' म्हणजे राळ. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. पानांचं काय करायचं ते राज्यांनी ठरवायचं. उत्तर प्रदेश, राजस्थानात परवान्याची दुकानं आहेत. आपल्याकडे दारूबंदीचा १९४९ चा कायदा आडवा येतो, म्हणून होळीला भांग आणून 'पानं तर आहेत साहेब' असं म्हणू नका.
गांजा एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण': एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर 'व्यापारी प्रमाण': किमान दहा वर्षं, आणि जामीन म्हणजे दिव्य. माझ्याकडे आलेल्या केसेसमध्ये मालाचा खरा मालक कधी बघितला नाही. ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, नाहीतर पुडी घ्यायला पाठवलेलं पोरगं.
माझं मत: जवळ बाळगणं आणि ओढणं हे फौजदारीतून काढा. दुकानं उघडायची घाई नको.

सातपुड्याचा
वकीलसाहेब बरोबर बोलले. मी शिरपूर तालुक्यातला. दरवर्षी बातमी येते, मक्यात नाहीतर कापसात गांजा सापडला, पोलिसांनी उपटून जाळला. फोटोत झाडं दिसतात, बाजूला मान खाली घातलेला एखादा आदिवासी माणूस. जमीन वनखात्याची, बियाणं दुसऱ्याचं, पैसा तिसऱ्याचा. तिसरा कधी फोटोत आलाय का?
गावात एकाला विचारलं, सरकारने परवाना दिला तर लावशील का. म्हणतो, "भाऊ, परवाना आला की सगळे लावतील, भाव पडेल, मग आंदोलन करत बसा. कापसाचं बघतोय ना." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झरपटकाठचा
राजेहो, आमच्या चंद्रपूरचं ऐका. २०१५ ले दारूबंदी झाली, २०२१ ले उठली. मधल्या काळात पेणारे थांबले म्हणता? नदी ओलांडली की वणी, तिथून यायची. बाटली दुप्पट-तिप्पट भावात. शाळेतली पोरं दप्तरातून पोचवायची, पोरांवर कोणाला संशय येत नाही ना. पण माझी मोठी मामी बंदीच्या मोर्चात होती. ती अजूनही म्हणते की पहिलं वर्षभर रात्री मार खाल्लेल्या बाया दाराशी यायच्या बंद झाल्या होत्या. तिले खोटं कसं म्हणू? मी तर दोन्हीकडून गप्प बसतो.

खमंग
+१ मामींना.

टोरंटोकर
आमच्याकडे ऑक्टोबर २०१८ पासून खुलं. ऑन्टारियोत वय १९. पहिल्या हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या, लिफ्टमध्ये रोज म्हणायच्या, "कुणाच्या तरी घरात कोबी सडलाय गं, सांगायला हवं." वासाची तक्रार खरी आहे, बाल्कनीत कपडे वाळत घालता येत नाहीत.
बाकी जग बुडालं नाही. दुकानात ओळखपत्र दाखवायचं, पाकिटावर किती नशा आहे ते छापलेलं, खायच्या वस्तूंत पाकिटामागे दहा मिलिग्रॅमची मर्यादा. पोहेवाल्यांच्या मित्रासाठी हे छापणं किती उपयोगी पडलं असतं! आमच्या मंडळातले एक काका (निवृत्त, सत्यनारायण सांगतात) झोपेसाठी गांजाची गमी (चघळायची गोळी) घेतात. सगळ्यांना माहीत आहे, सगळे 'व्हिटॅमिन' म्हणतात.

एडिसनचा बंड्या
कॅनडावाल्यांची मजा आहे. न्यू जर्सीत २०२२ पासून दुकानं आहेत, घराजवळच एक आहे, पण माझ्यासारख्या व्हिसावाल्यांसाठी ते शोकेस. राज्यात कायदेशीर, संघराज्याच्या कायद्यात गुन्हा, आणि ग्रीन कार्डाचं काम संघराज्याकडे. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर नशेबद्दल विचारतात. 'हो, दुकानातून पावतीसकट घेतलं' म्हणालात तरी अर्ज अडकू शकतो. ऑफिसच्या पार्टीत गोरे बिनधास्त, आम्ही देशी लोक कोपऱ्यात सोडा घेऊन. आणि तिकडे घरी आईला वाटतं मुलगा वाया गेला असणार.

नाव नको
या धाग्यावर हसू येतंय तोवर लिहून टाकते, नंतर धीर होणार नाही. माझा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ओढत होता. दुसऱ्या वर्षी त्याला वाटू लागलं की पंख्यातून कुणीतरी ऐकतंय. आम्ही त्याला बोलावून घरी आणलं. घरातले जाणते म्हणाले, दवाखान्यात गांजाचं नाव काढू नका, पोलीस केस होईल, पोराचं आयुष्य जाईल. आम्ही झोप येत नाही एवढंच सांगत राहिलो. शेवटी दवाखान्यातल्या एका बाईंनी थेट विचारलं, तेव्हा खरं बोललो. त्या म्हणाल्या, नात्यात कुणाला असा आजार असला आणि कोवळ्या वयात जोरकस माल ओढला, तर हे उफाळू शकतं. माझ्या दिरांना होता.
आता तो औषधांवर बरा आहे, नोकरीला जातो. कायदेशीर करा की नका करू, मला सांगता येत नाही. ते महिने त्या पोलिसांच्या भीतीपायी गेले, एवढं मात्र कळतं.

मोगरा
ताई, काय लिहू. लिहिलंत हे फार बरं केलंत.

खमंग
नमस्कार तुम्हाला आणि तुमच्या लेकाला.

तालुका_वकील
ताई, बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावायला हवं. दहा वर्षांच्या शिक्षेचे बोर्ड बघितलेत, हा बोर्ड एकदाही बघितला नाही.

जुनी_परळकर
आमच्या चाळीत ऐंशीच्या दशकात गर्द (ब्राऊन शुगर) आली. त्याआधी दोन-तीन गांजेकस होते, मजूर माणसं, संध्याकाळी जिन्याखाली बसायची, कुणाला त्रास नाही. संप फिसकटला, गिरण्या बसल्या, मग गर्दुल्ले दिसायला लागले, पितळी नळाच्या तोट्या चोरीला जायला लागल्या. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते त्याच लाटेत. आमच्या मजल्यावरचा एक जण तिथे जाऊन सुधारला, आता नातवंडं आहेत. त्याला विचारलं तर म्हणतो, गांजासुद्धा नको, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. जिन्याखालचे ते तिघं मात्र म्हातारे होऊन गेले, गांजापलीकडे गेले नाहीत. घ्या, काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

वाचनवेडा
अवांतर: १८९३-९४ साली इंग्रजांनी यावर अख्खा आयोग बसवला होता. हजारावर साक्षी घेतल्या आणि म्हणाले, बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, सरसकट बंदी नको, कर लावा. कर लावा हे सांगायला ते कधी चुकत नाहीत.

वैद्यकाकू
बेताने हा शब्द महत्त्वाचा. जातीफलादि चूर्णात भांग असते, जुलाबांवर पिढ्यानपिढ्या देतात. पण शुद्ध करून, मोजून, आणि वैद्याच्या देखरेखीत. माझ्याकडे लोक येऊन 'काकू, ते झोपेचं चूर्ण द्या' म्हणून डोळा मारतात. मिळत नाही. जाता जाता, कुणी बिनभांगेची ठंडाई करतं का? होळीला मुलीच्या सासरचे येणार आहेत.

खमंग
बदाम, मगज बी, बडीशेप, काळी मिरी, खसखस, वेलची रात्री भिजवायचं, सकाळी बारीक वाटायचं, दुधात घालून गाळायचं. गुलाबपाकळ्या असतील तर उत्तम. मिरी चढती ठेवा, भांग नाही तर निदान मिरीने तरी नाक हुळहुळू दे.

शारजाची_सुगरण
खसखस!! इकडे अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे बरं का, अफूच्या झाडाची म्हणून. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी दिवाळीत लेकीसाठी अनारसे आणले, खसखशीत घोळवलेले. विमानतळाबाहेर पडेपर्यंत आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा. नशीब, कुणी डबा उघडायलाच सांगितला नाही. घरी आल्या आल्या काकांनी एकेक अनारसा खरवडून काढला.

वैद्यकाकू
अगं मग अनारसे कशात घोळवता तिकडे?

शारजाची_सुगरण
तिळात. चव वेगळी लागते, पण तुरुंगापेक्षा बरी.