स्वस्तातल्या कार्पेट टाइल्स घरात टाकल्यात का कोणी? बरेवाईट अनुभव सांगा

नमस्कार मंडळी, घर नाशिकला आहे, आईच्या खोलीत व्हिट्रिफाइड फरशी आहे आणि डिसेंबर-जानेवारीत ती एवढी गार पडते की आई पलंगावरून पाय खाली ठेवताना रोज देवाचं नाव घेते. मोठा गालिचा नको कारण त्याच्या कडेला पाय अडकून एकदा पडता पडता वाचलीये. दुकानात कार्पेट टाइल्स दाखवल्या, ५० बाय ५० सेंटीमीटरचे चौकोन, पाठीला काळं डांबरासारखं अस्तर, ५५ रुपये स्क्वेअर फूट. दुकानदार म्हणतो दहा वर्षं बघायला नको. दुकानदार असं म्हणाला की मला उलट जास्त बघावंसं वाटतं, म्हणून हा धागा. ज्यांनी टाकल्यात, काढल्यात, फेकल्यात, सगळ्यांनी लिहा.

* * *

ताई, चिकटवू नका. बाकी काय करायचं ते करा पण चिकटवू नका.

आम्ही ठाण्यात तळमजल्यावर, २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा छोट्या खोलीचं ऑफिस केलं आणि सुताराने हौसेने सगळीकडे एसआर (रबराचा पक्का गोंद) फासून टाइल्स बसवल्या. दिसायला झकास. जुलैमध्ये वास यायला लागला, आधी वाटलं मुलाचे बूट, मग वाटलं उंदीर मेलाय कुठेतरी, शेवटी भिंतीकडची एक टाइल उचकटली तर खाली फरशीच्या सांध्यांमधून ओल वर आलेली आणि अस्तराला पांढरी-हिरवी बुरशी. उघडी फरशी असती तर ती ओल आपोआप सुकून गेली असती, आपल्याला कळलंही नसतं, इथे वरून झाकण घातल्यासारखं झालं होतं. काढताना अर्धी टाइल हातात आणि अर्धं अस्तर खाली. चार दिवस पत्र्याने खरवडत होतो आणि थिनरच्या वासाने बायको माहेरी गेली (परत आली). अजूनही त्या खोलीत फरशीवर पिवळट पट्टे आहेत.

* * *

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आमच्याकडे नुसत्या ठेवलेल्या होत्या, दर पावसाळ्यात उचलून गच्चीच्या जिन्यात उभ्या करायचो, सहा वर्षं काही झालं नाही.

* * *

मला कोणीच न सांगितलेली अडचण म्हणजे मावशी! आमच्या कामाच्या मावशींनी पहिल्याच दिवशी झाडू मारून बघितला आणि म्हणाल्या, "ताई, हा केर पुढे जातच नाही, जागच्या जागी मुरतोय." खरंच होतं ते, शेव-कुरमुरे, केस, दोरे सगळं त्या लूपमध्ये, म्हणजे धाग्यांच्या वेटोळ्यांत. आणि आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय फरशी स्वच्छ झाली असं वाटतच नाही, मग त्यांनी सवयीने ओलं फडकं फिरवलं आणि दोन दिवस खोलीला ओल्या कुत्र्याचा वास. शेवटी व्हॅक्युम क्लीनर घेतला, तो टाइल्सच्या निम्म्या किमतीचा, आणि तो मीच मारते कारण मावशी त्याला हात लावत नाहीत. तेव्हा ५५ रुपयांच्या हिशेबात हेही धरा. गुण म्हणाल तर मुलगा रांगायला लागला तेव्हा मात्र त्या खोलीत बिनधास्त सोडता आला, डोकं आपटलं तरी टेंगूळ नाही.

* * *

आमचा अनुभव इंग्लंडमधला, लीड्सला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. इथे बऱ्याच फ्लॅट्सच्या करारात जमिनीवर कार्पेट असलंच पाहिजे अशी अट असते, खालच्यांना त्रास नको म्हणून. आधीच्या मालकाचं कार्पेट इतकं कळकट होतं की उपटून टाकलं आणि मग नव्याच्या किमती बघून डोळे पांढरे झाले. तेव्हा ऑफिसं रिकामी करणाऱ्या एका माणसाकडून जुन्या टाइल्स घेतल्या, एक पौंडाला एक. सत्तर आणल्या, गाडीत घालताना कळलं डांबरी अस्तराची टाइल किती जड असते, तिसऱ्या फेरीला कंबर धरली.

बसवायला मात्र मजा आली. पाठीमागे बाण असतो, सगळे बाण एका दिशेने ठेवले की एकसंध कार्पेटसारखं दिसतं आणि एक आड एक वळवले की बुद्धिबळाचा पट. आमच्या टाइल्स दोन वेगळ्या लॉटच्या निघाल्या, रंगात उगाच फरक, म्हणून पटच केला, कोणाला वाटतं मुद्दाम केलंय. खोलीच्या मधोमध खडूने फुली मारायची, तिथून सुरुवात करून कडांना कापत जायचं, कापायचं पाठीकडून. आम्ही भिंतीकडून सुरुवात केली आणि भिंत सरळ नव्हती, चौथ्या ओळीपर्यंत बोटभर फट. पुन्हा सगळं काढलं.

आता हळदीची गोष्ट. सासूबाई आल्या होत्या, सगळे खाली बसून जेवत होतो आणि आमटीचं पातेलं लवंडलं. मी पटकन साबण लावून घासलं तर पिवळा डाग लाल झाला, कुंकू सांडल्यासारखा! हळद साबणाला लागली की लाल होते हे लग्नातल्या कपड्यांवरून माहीत असूनही त्या क्षणी कोणाला आठवतंय. तीन टाइल्स उचलल्या, टबमध्ये धुतल्या, तेल काढायला भांड्यांचा साबण लागला, आणि पिवळा डाग राहिला तो खिडकीत उन्हाला ठेवला. हळदीचा रंग उन्हाने उडतो. जून होता म्हणून बरं, इथे बाकी वर्षभर ऊन म्हणजे नवलाई. चार दिवसांत डाग गेला, टाइल्स परत जागेवर. अखंड कार्पेट असतं तर त्या डागावर टेबल सरकवून आयुष्य काढलं असतं.

तोटा: आवाज पूर्ण जात नाही. खुर्चीचं करकर थांबतं पण मुलं धावली की धपधप खाली जातेच, कारण नेहमीच्या कार्पेटखाली जो मऊ अंडरले असतो तो इथे नाही. खालच्या आजी अजून छताला काठी ठोकतात.

* * *

मी पुण्यात ऑफिसांची इंटीरियरची कामं करतो त्यामुळे रोजचाच संबंध. हा माल मुळात घरासाठी जन्मलेलाच नाही हे लक्षात घ्या. अमेरिकेत रे अँडरसन यांनी १९७३ साली इंटरफेस कंपनी काढली ती ऑफिसच्या कार्पेट टाइल्स डोळ्यापुढे ठेवूनच. ऑफिसात फॉल्स फ्लोअरिंगखाली वायरी असतात, टाइल उचला, वायर बदला, टाइल ठेवा. म्हणून तिथे पक्का गोंद नसतो, टॅकिफायर असतो, जो वाळल्यावरही चिकट राहतो आणि टाइल सरकू देत नाही पण ओढली की सुटते. घरी सुतार हाताला लागेल तो गोंद लावतो आणि टाइलचा एकमेव मोठा गुण मारून टाकतो.

स्वस्त टाइल म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन, महाग ती नायलॉन. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, चहा-कॉफी पुसली जाते, पण तेल धरून ठेवतं आणि पलंगाच्या पायाखाली एकदा दबलं की पुन्हा उठत नाही. वितळतंही लवकर, साधारण १६० डिग्रीला, म्हणजे गरम इस्त्री टेकली की संपलं. दुकानदार नायलॉन म्हणून गळ्यात मारतोय का बघायचं तर दोनचार धागे उपटा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात नीट बुडवून सोडा, वर येऊन तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन, तळाला गेले तर नायलॉन. दुकानातच करा, चेहरा बघण्यासारखा होतो.

हिशेब: एका चौरस मीटरला ४ टाइल्स. १० बाय १२ ची खोली म्हणजे ४५, कापाकापीला आणि पुढच्या डागांना धरून ५० घ्या, एकाच लॉटच्या. नंतर तोच रंग मिळत नाही.

* * *

इस्त्रीवरून आठवलं, आमच्याकडे उदबत्तीने काम केलं. देवघर त्याच खोलीत. जळतं टोक पडलं आणि वाटाण्याएवढं काळं कडक भोक. ती टाइल कपाटाखालच्या टाइलशी बदलली, आईंना आजतागायत माहीत नाही.

* * *

नागपूरवरून. वरच्या मजल्यावर राहतो, मे महिन्यात बाल्कनीच्या दाराशी दुपारभर ऊन येते. तिथल्या टाइल्सचे कोपरे पापडासारखे वर आले बाप्पा, रंगही उडाला, आणि डांबरी अस्तर मऊ होऊन फरशीवर काळे ठसे. रॉकेलने निघाले. आतल्या टाइल्स मात्र पाच वर्षं झाली, जशाच्या तशा. उन्हाच्या जागी टाकू नका एवढंच.

* * *

मांजर असेल तर लूपवाल्या घेऊच नका, तिला वाटतं तिच्या नखांसाठीच आणल्यात. कुत्र्याचं वेगळं, पिल्लू असताना रोज एखादी टाइल धुवायचो, पण शू सांध्यातून खालीही जाते, तेव्हा टाइल धुतली म्हणजे झालं असं नाही, खालची फरशी पण पुसा.

* * *

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन सतरंज्या आणि एक घोंगडी. आमच्या आजीने नव्वदी त्यावर काढली.

* * *

दादा, सतरंजीच सरकते ना, तीच तर भीती.

* * *

धागाकर्ती परत आले, सगळ्यांचे आभार. सॅम्पल म्हणून दोन टाइल्स आणल्या, धागे पाण्यात टाकले, लगेच तरंगले, आणि दुकानदार म्हणाला "मॅडम हे पाणी जड आहे". आईला अनवाणी उभं केलं तर पाच मिनिटं पाय घासून बघितले आणि म्हणाली, "गार नाही लागत गं, पण हे तर पायपुसणंच आहे, पन्नास पायपुसणी कशाला आणतेस?" सध्या त्या दोनच पलंगाच्या बाजूला, ती उतरते तिथे, डबल टेपने कडा दाबून ठेवल्यात. रोज सकाळी आधी पायाने चाचपते, मग उठते. उरलेल्या ४८ चं पावसाळ्यानंतर बघू.