मदत हवी आहे: टॉकबॅक लावून ई-पुस्तक वाचता येत नाही, पान संपलं की थांबतं

मोगरी
नमस्कार. मोबाइलवर टॉकबॅक लावून दोन पुस्तकं वाचायची आहेत. पहिलं उघडलं की एक पान नीट वाचलं जातं आणि मग आवाज बंद. दुसऱ्यात तर मजकूर येतच नाही, नुसतं 'पान एक', 'पान दोन'. फोन बंद करून चालू केलाय, ॲप काढून पुन्हा टाकलंय, ते उपाय सांगू नका. शनिवारी वाचनगटात दोन्हींवर बोलायचंय. कृपया लवकर सांगा.

गंधार७
फाइल कुठली, ईपब (ई-पुस्तकाची नेहमीची फाइल) की पीडीएफ? ॲप कोणतं? टॉकबॅकला वाचायला कसं सांगता, बोट उजवीकडे सरकवत की मेन्यूतून?

कडीकोयंडा
डोळ्यांवर ताण येत असेल तर अक्षरं मोठी करा आणि पार्श्वभूमी काळी ठेवा. मला खूप फरक पडला. रात्री तर नक्कीच.

मोगरी
@कडीकोयंडा, मला दिसत नाही. टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे, पडद्यावरचं बोलून दाखवतो.
@गंधार७, अँड्रॉइड फोन आहे. ॲप म्हणजे पुस्तक ज्यात उघडतं ते.

दूरस्थ
एवढा खटाटोप कशाला? ऑडिओबुक घ्या. वाचणारे उत्तम असतात, भावना कळतात, यांत्रिक आवाज ऐकावा लागत नाही. मी प्रवासात कित्येक ऐकली आहेत.

मोगरी
या दोन्ही पुस्तकांची ऑडिओ आवृत्ती नाही. असती तरी मला मजकूरच हवा होता. एखादं नाव कसं लिहिलंय, अवतरण कुठे सुरू होतं, परिच्छेद कुठे तुटतो, तळटीप कुठल्या शब्दाला आहे, हे मला स्वतःला बघायचं असतं. कवितेत ओळ कुठे संपली हे निवेदक मला सांगत नाही.

पानगळ
मोगरीताईंशी पूर्ण सहमत. मीही दृष्टिहीन आहे आणि बरीच वर्षं फोनवरच वाचतो. अडलेल्या शब्दावर थांबून तो अक्षर अक्षर करून घेता आला पाहिजे. टॉकबॅकमध्ये तीन बोटं वर किंवा खाली सरकवली की वाचनाचं एकक बदलतं: अक्षर, शब्द, ओळ, परिच्छेद, शीर्षक. मग एक बोट खाली सरकवलं की त्या एककाने पुढे, वर सरकवलं की मागे. फोनवर हे आलं की ऐकणं संपतं आणि वाचणं सुरू होतं.

सुलभक
टॉकबॅकने पुस्तक वाचण्याचा आग्रहच नको. ॲट व्हॉइस अलाउड रीडर टाका. ईपब, पीडीएफ, वेबपान, सगळं घेतं. पडदा बंद करून फोन खिशात टाकला तरी वाचत राहतं, थांबलात ती जागा लक्षात ठेवतं. टॉकबॅकमध्ये पॉवरचं बटण दाबलं की वाचन संपलं.

पानगळ
खिशातल्या वाचनाला ते चांगलंच आहे, मीही वापरतो. पण मोठ्याने वाचणारं ॲप आणि स्क्रीन रीडर ही दोन वेगळी कामं आहेत. ताईंना नावाचं शुद्धलेखन तपासायचंय, त्यासाठी त्यांना टॉकबॅककडे यावंच लागेल.

सुलभक
दर पानाला कोण शुद्धलेखन तपासतं? तीनशे पानांची कादंबरी आधी सलग तर ऐकू दे. अडलं तर मग बघता येतं.

वाचस्पती
यावरचा खरा उपाय आयफोन आहे. त्यातला स्क्रीन रीडर, व्हॉइसओव्हर, चालू करून ॲपल बुक्समध्ये दोन बोटं खाली सरकवा, तिथून पुढे वाचत जातं, पानं आपोआप उलटतात. दोन बोटांनी एकदा टेकवलं की थांबतं, पुन्हा टेकवलं की सुरू. अक्षर, शब्द, ओळ रोटरवर (दोन बोटं पडद्यावर फिरवून एकक निवडायची सोय) आहेतच.

मोगरी
शनिवारपर्यंत नवा फोन घेणार नाहीये.
@सुलभक, ॲप टाकलं. त्यात पहिलं पुस्तक दिसतच नाही. दुसरं, म्हणजे पीडीएफ, उघडतं, पण तेही मुकंच आहे.

गंधार७
पहिलं पुस्तक एखाद्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलंय का? की फाइल म्हणून फोनवर उतरवलंय?

मोगरी
विकत. त्या दुकानाच्या स्वतःच्या ॲपमध्ये आहे.

गंधार७
मग कोडं सुटलं. ते कुलूपबंद असणार. दुकानाच्या ॲपबाहेर उघडणार नाही, त्यामुळे ॲट व्हॉइस वगैरे विसरा. आता तिथलं वाचन. एक बोट उजवीकडे सरकवत वाचत असाल तर पडद्यावर दिसणाऱ्या पानापुरतंच जाल, पुढचं पान टॉकबॅकच्या दृष्टीने तेव्हा अस्तित्वातच नसतं. तीन गोष्टी करून बघा.
एक, तीन बोटांनी टेकवून टॉकबॅकचा मेन्यू उघडा आणि पुढच्या घटकापासून वाचण्याचा पर्याय निवडा. बऱ्याच वाचन-ॲपमध्ये यानंतर पान आपोआप उलटतं.
दोन, नाही उलटलं तर पान हाताने उलटा, पण दोन बोटांनी सरकवून. टॉकबॅक चालू असताना एक बोट त्याच्या मालकीचं असतं, दोन बोटं सरकवली की ती हालचाल ॲपला मिळते.
तीन, आणि हे मला सर्वात भरवशाचं वाटतं: ॲपच्या वाचन-मांडणीत पानांऐवजी सलग सरकणारा मजकूर असा पर्याय असेल तर तो लावा.

दूरस्थ
आणि दुसरं पुस्तक? पीडीएफ कुठून आणलीत? कुणी छापील पुस्तक स्कॅन करून वाटलं असेल तर ते बेकायदा आहे. लेखकाच्या पोटावर पाय येतो. हे बोललंच पाहिजे.

वाचस्पती
दूरस्थ, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी याचा वेगळा विचार झालेला आहे. मराकेश करार २७ जून २०१३ ला स्वीकारला गेला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. त्यात सामील देशांनी आपल्या कायद्यात अशी तरतूद करायची आहे की अशा वाचकांसाठी सुलभ प्रत तयार करताना हक्कधारकाची परवानगी लागू नये. अधिकृत संस्थांना अशा प्रती दुसऱ्या देशांतही पाठवता येतात.

दूरस्थ
करार दृष्टिहीन वाचकांसाठी आहे. वाचनगटातल्या सगळ्यांनी फाइल फिरवायला नाही.

वाचस्पती
तेही बरोबर. पण तुम्ही प्रश्न विचारलात तो नेमका दृष्टिहीन वाचकाला. प्रकाशकांनी पहिल्या दिवशीच वाचता येईल असं ई-पुस्तक काढलं तर स्कॅन करायची वेळच कुणावर येणार नाही. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकं सुलभ असण्याची कायदेशीर अट लागू झाली आहे. तशी अट सगळीकडे हवी.

मोगरी
माझा प्रश्न बाजूला राहतोय. पीडीएफ गटातल्या एका सदस्याची आहे. तिने पुस्तक विकत घेतलंय आणि फक्त माझ्यासाठी स्कॅन केलंय.
@गंधार७, पहिलं पुस्तक चालू झालं! मेन्यूतून वाचायला सांगूनही पानाशी थांबत होतं, पण सलग मांडणी लावल्यावर प्रकरण संपेपर्यंत अखंड वाचलं. मनापासून आभार. आता दुसरं.

पानगळ
स्कॅन म्हटल्यावर कारण उघड आहे. त्या फाइलमध्ये अक्षरं नाहीत, पानांचे फोटो आहेत. फोटोतली अक्षरं ओळखून घ्यावी लागतील, त्याला ओसीआर म्हणतात. मराठीसाठी मला गूगल ड्राइव्हचं सोपं पडतं. फाइल ड्राइव्हवर चढवा, संगणकाच्या ब्राउझरमधून ती गूगल डॉक्समध्ये उघडा, खाली मजकूर तयार होऊन येतो. फोनच्या ॲपमधून हे होत नाही. जाड पुस्तक एकदम देऊ नका, प्रकरणांनुसार तुकडे करा. मग प्रकरणांच्या नावांना शीर्षकाची शैली लावा आणि डॉक्समधूनच ईपब म्हणून उतरवून घ्या. फोनवर शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येईल.
चुका राहतात हे धरून चला. रफार आणि अनुस्वार हमखास गळतात, ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठक्रमांक वाक्याच्या मधोमध घुसतात. नावाचं शुद्धलेखन या प्रतीवरून ठरवू नका, ते त्या सदस्याला विचारा.

निशिगंध
माझंही थोडं असंच आहे म्हणून इथेच विचारते. माझ्या पीडीएफमध्ये मजकूर निवडता येतो, म्हणजे स्कॅन नाही. पण टॉकबॅक जे बोलतो ते भलतंच, इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं.

पानगळ
निशिगंध, तुमची फाइल जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉण्टमधली आहे. त्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. डोळ्यांना 'क' दिसतो, फाइलमध्ये मात्र एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. डोळस माणसाला तक्रारच जाणवत नाही, म्हणून अशी पुस्तकं वर्षानुवर्षं तशीच फिरत राहतात. याची मला फार चीड आहे.
ओळखायची युक्ती: चार शब्द कॉपी करून नोंदवहीच्या ॲपमध्ये चिकटवा आणि अक्षर अक्षर करून ऐका. इंग्रजी आलं तर जुना फॉण्ट. देवनागरी आली पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी पडली किंवा जोडाक्षरं फुटली, तर फॉण्ट युनिकोड असूनही पीडीएफ बनवताना अक्षरांचा क्रम बिघडलाय. काहीच निवडलं गेलं नाही तर स्कॅन. जुन्या फॉण्टचं नाव माहीत असेल तर त्याचं परिवर्तक वापरा. नाहीतर तुम्हालाही पानांची चित्रं करून ओसीआरच करावं लागेल, कारण अक्षरांचं रूप तेवढं खरं आहे.

सुलभक
आणि आवाज ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या ॲपचा लावा. मराठी आहे त्यात. खूप वेगात लावला तरी शब्द स्पष्ट राहतात.

गंधार७
कादंबरीला ईस्पीक? तो कानाला फार रुक्ष लागतो. गूगलच्या आवाजात मराठी आहे, तो लावावा. वेग कमी ठेवावा लागतो, पण पुस्तक आहे, तार नव्हे.

सुलभक
रुक्ष म्हणूनच मी वापरतो. त्याच्या भावना मध्ये येत नाहीत, पात्राचा सूर मी माझ्या मनात लावतो.

मोगरी
ओसीआर झालं, माझ्या भावाने संगणकावर करून दिलं. तीन प्रकरणं ईपबमध्ये आली आणि वाचली जातायत. पृष्ठक्रमांक मध्ये मध्ये येतायत ते चालेल, उलट गटात कुणी पान सांगितलं तर उपयोगी पडतील. आवाज गूगलचाच ठेवलाय.
एक अडलंय. पहिल्या पुस्तकात तळटिपेच्या आकड्यावर दोनदा टेकवलं की टिपेपाशी जातं, पण परत त्या वाक्याशी येता येत नाही. मागे गेलं की प्रकरणाच्या सुरुवातीला.

गंधार७
टिपेच्या शेवटी बाण किंवा तोच आकडा दुवा म्हणून आहे का? एककात दुवे निवडून बघा.

मोगरी
नाही. टिपेत एकही दुवा नाही.

पानगळ
मग प्रकाशकाने परतीचा दुवा घातलेलाच नाही. टिपेवर जाण्याआधी ॲपची खूण (बुकमार्क) लावा आणि परत खुणांच्या यादीतून या. आणि प्रकाशकाला कळवा, पुस्तकाचं नाव आणि टिपेचा क्रमांक देऊन. मी कळवत असतो, दोन पुस्तकांच्या सुधारित फाइल आल्या आहेत.

मोगरी
खूण लावून जमलं. पत्र आजच लिहिते.