पॅच टर्मिनलवर वाचणं हा नुसता दिखावा?

अर्धविराम
काल एकाने इथे लिहिलं, ‘काळ्या पडद्यावर लाल-हिरव्या ओळी वाचणं हा नुसता दिखावा आहे. ब्राउझरमध्ये दोन्ही बाजू शेजारी दिसतात, तिथेच टिप्पणी करता येते, विषय संपला.’ रात्रभर हे वाक्य डोक्यात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

विषय संपत नाही, कारण ब्राउझर तुम्हाला सगळा पॅच, म्हणजे मंजुरीसाठी आलेले कोडमधले बदल, दाखवत नाही. मोठी फाइल आली की ती मिटलेली असते. ‘जनरेटेड’ (यंत्राने तयार केलेली) अशी खूण असलेली फाइलही मिटलेली. किती जण ती उघडून बघतात? आमच्याकडे साठेक फायलींचा पॅच आला होता. मी सवयीने आधी गिट डिफ --स्टॅट चालवला; गिट म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि हा आदेश कुठल्या फाइलमध्ये किती ओळी बदलल्या ते सांगतो. लॉक फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या आणि पत्ते नोंदणाऱ्या फाइलमध्ये, चार ओळी बदललेल्या, आणि पॅकेजांची मूळ यादी जशीच्या तशी. यादी बदलली नाही तर लॉक फाइल का बदलावी? उघडून पाहिलं तर एका पॅकेजचा डाउनलोडचा पत्ताच वेगळा होता. ज्याने पॅच पाठवला त्यालाही ते माहीत नव्हतं. ब्राउझरमध्ये दोघांनी तो आधीच मंजूर केला होता.

शिवाय कोड एका फाइलमधून दुसरीकडे हलवला की ब्राउझर चारशे ओळी लाल आणि चारशे हिरव्या करून मोकळा होतो. गिट डिफला --कलर-मूव्ह्ड लावा, नुसत्या हललेल्या ओळी वेगळ्या रंगात जातात आणि हलवता हलवता बदललेली एखादी ओळ लगेच डोळ्यांत भरते. ही सोय गिट २.१५ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे.

पिवळीवही
ते वाक्य माझंच. मागे घेत नाही.

लपवालपवी टर्मिनलवर होत नाही असं कोण म्हणालं? गिट-ॲट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये एखाद्या फाइलपुढे ‘-डिफ’ लिहून ठेवा, तुमचा गिट डिफसुद्धा ‘बायनरी फायली वेगळ्या आहेत’ एवढंच सांगून गप्प बसेल. आणि एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या साधनाचं काय? २०२४ मध्ये त्यात गुपचूप शिरायला लपवलेलं मागलं दार सापडलं; त्याला वाट करून देणारी एमफोर फाइल (बिल्डची स्क्रिप्ट) रेपोमध्ये, म्हणजे गिटमधल्या कोडमध्ये, नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात, होती. त्यावर कुठला गिट डिफ चालवणार होतात?

रिव्ह्यू म्हणजे एकट्याने वाचणं नव्हे. ती चर्चा असते. सहा महिन्यांनी नवीन माणूस विचारतो ‘हे असं का केलं?’ तेव्हा मी त्याला त्या ओळीखालची चर्चा दाखवते. तुमच्या टर्मिनलमध्ये काय उरतं?

अर्धविराम
चर्चेचा मुद्दा मान्य, ती ब्राउझरमध्येच व्हावी. वाचन मात्र नाही. एक्सझेडबाबत म्हणाल तर टारबॉल उघडून टॅगशी, म्हणजे रेपोतल्या त्याच आवृत्तीशी, साधा डिफ -आर केला असता तर ती फाइल दिसली असती.

पिवळीवही
दिसली असती, ऑटोटूल्स या बिल्डच्या साधनांनी तयार केलेल्या हजारो ओळींच्या ढिगात. आणि त्याच प्रकल्पात सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाच्या चाचणीत एक टिंब घुसवलं होतं. एका ओळीवर फक्त टिंब. त्याने ती चाचणी कंपाइलच होत नव्हती आणि लँडलॉक हे लिनक्समधलं संरक्षण गुपचूप बंद पडत होतं. ते तर रेपोत होतं, कुठल्याही डिफमध्ये दिसणारं! अख्खं प्रकरण उघडकीला आलं ते एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा एका माणसाने पिच्छा पुरवला म्हणून. पॅच वाचून नव्हे.

रात्रपाळी
तुमचं चालू द्या, पण मला खरा त्रास देतो तो फॉर्मॅटर, कोडची मांडणी आपोआप बदलणारं साधन. पायथनचा पॅच, जवळजवळ नऊशे ओळी, बहुतेक सगळा स्पेसचा खेळ. टर्मिनलवर -डब्ल्यू लावून वाचला, कारण सगळे हेच शिकवतात. स्पेसचे बदल गाळून उरलेलं नीट दिसलं, मी मंजूर केला. त्यात एक रिटर्न चार स्पेस आत सरकून लूपमध्ये गेला होता. पायथनमध्ये ओळ लूपच्या आत की बाहेर हे स्पेसच ठरवतात, पण -डब्ल्यूला तो बदल वाटतच नाही! त्या रात्री प्रत्येक हिशोबात फक्त पहिली नोंद धरली गेली. पहाटे चारपर्यंत मी बेरजा जुळवत बसलो होतो.

जुनीखोड
पायथनवर -डब्ल्यू लावायचाच नसतो. यामल आणि मेकफाइललाही नाही. पॅच न वाचता मंजूर करायचा आणि दोष हत्याराला द्यायचा, हे बरं आहे.

रात्रपाळी
न वाचता? दोन तास वाचला होता. ‘लावायचाच नसतो’ हे तुम्हाला ठोकर लागल्यावरच कळलं असेल ना? मग मलाच काय सुनावता?

अर्धविराम
मूळ मुद्दा ब्राउझर की टर्मिनल असा होता.

रात्रपाळी
ब्राउझरमध्येही स्पेस लपवायची तीच सोय आहे आणि तोच खड्डा आहे. म्हणून तर म्हणतो, तुमचा मुद्दाच चुकीच्या जागी आहे. फॉर्मॅटिंग आणि खरा बदल एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदलेल्या बदलांत) आला की दोन्हीकडे डोळे फुटतात.

जुनीखोड
मग कमिट वेगळे करायला लावा. गिट ॲड -पी एकेक हंक, म्हणजे बदलाचा तुकडा, दाखवून विचारतो, घ्यायचा की नाही.

रात्रपाळी
संपादक सेव्ह करतानाच फॉर्मॅटर चालवतो. हंकमध्ये दोन्ही मिसळलेलंच येतं. नऊशे ओळींवर एकदा -पी चालवा, मग सल्ला द्या.

जुनीखोड
चालवलाय. जमत नाही तेव्हा उलटीकडून येतो. आधीचा कमिट चेकआउट करायचा, फॉर्मॅटर स्वतः चालवायचा आणि आलेल्या पॅचशी डिफ काढायचा. फॉर्मॅटिंगचा गोंगाट दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो गळून पडतो. उरतं ते माणसाने हाताने केलेलं. तुमचा तो रिटर्न तिथे एकटा उभा दिसला असता.

रात्रपाळी
फॉर्मॅटरची आवृत्ती तंतोतंत तीच हवी, नाहीतर नवा गोंगाट. पण हो, हे मी केलं नव्हतं. करायला हवं होतं. ‘न वाचता’ मात्र मागे घ्या.

जुनीखोड
घेतलं. दोन तास वाचून निसटणं माझंही झालंय, मर्जमध्ये, म्हणजे कोडच्या दोन शाखा एकत्र करताना. गिट लॉग -पी मर्ज कमिटचा डिफ आपणहून दाखवतच नाही. गिट शो दाखवतो, पण दोन्ही पालकांपेक्षा, म्हणजे एकत्र आलेल्या दोन्ही बाजूंपेक्षा, वेगळं असेल तेवढंच. कॉन्फ्लिक्ट (दोन्ही बाजूंनी तोच भाग बदलल्याचा पेच) सोडवताना कुणी एक बाजू जशीच्या तशी ठेवून दुसरीकडची दुरुस्ती टाकून दिली, तर तिथेही काही दिसत नाही. गिट २.३६ पासून, २०२२ पासून, --रीमर्ज-डिफ आहे. तो मर्ज पुन्हा करून बघतो आणि माणसाने काय वेगळं केलं ते दाखवतो. पिवळीवही, हा ब्राउझरमध्ये कुठे सापडला तर सांगा.

पिवळीवही
सापडला नाही. आमच्याकडे काही जण मर्ज आपल्या मशीनवर करून थेट मेनवर, म्हणजे मुख्य शाखेवर, ढकलतात, म्हणून मागच्या महिन्याचे मर्ज आत्ता या पर्यायाने बघितले. एकात माझी टाइमआउटची दुरुस्ती गायब आहे. ती पुन्हा का मोडली म्हणून दोन आठवडे मी चाचण्यांना दोष देत होते.

टिप्पणी तरीही ब्राउझरमध्येच लिहिणार आहे, त्या ओळीखाली, ज्याने मर्ज केला त्याला दिसेल अशी.