मदत हवी आहे: किल्टच्या मागे चौकडाच दिसत नाहीये!

केतकी_ग्लासगो: नवऱ्यासाठी किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) शिवतेय, पहिल्यांदाच, मित्राचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय (इन्व्हर्नेसला). अकरा चुण्या हाताने शिवून झाल्या आणि आज जरा लांबून बघितलं तर मागे चौकडा गायब, प्रत्येक चुणीवर तीच ती पांढरी रेघ, खिडकीच्या गजांसारखी. पुढचा सपाट भाग मस्त दिसतोय. सगळ्या घड्या दहादा मोजल्यात, बरोब्बर सारख्या आहेत. चुकतंय कुठे? लवकर सांगा प्लीज, डोकं फिरलंय.

सुई_दोरा: कापड कुठलं, किती, चौकड्याचा रिपीट (नक्षी पुन्हा सुरू होते ते अंतर) किती इंचाचा? काहीच लिहिलं नाहीयेस गं.

रिकामटेकडा: ग्लासगोत भाड्याने मिळतो की.

केतकी_ग्लासगो: भाड्याचा नकोय म्हणून तर शिवतेय! रॉयल स्टुअर्ट नावाचा चौकडा, लोकरी, १३ औंस वजनाचं, चार यार्ड.

जोशीकाका: तिथेच चुकलं. किल्टला आठ यार्ड लागतात, चारात कसं भागणार?

केतकी_ग्लासगो: काका, दुहेरी पन्हा आहे. लांबीच्या दिशेने मधोमध फाडून दोन तुकडे जोडले, आठ झाले. जोड चुणीच्या आत लपवलाय. हे लिहायचं राहिलं, सॉरी.

सुई_दोरा: दुसरा तुकडा फिरवून घेतलास ना? किल्टला खाली दुमड नसते, काठच खाली यायला हवा, दोन्ही तुकड्यांचा.

केतकी_ग्लासगो: हो गं, फिरवला. प्रश्न तो नाहीचे!!

परकर_पोलकं: मी लेकीला घेरदार स्कर्ट शिवला तेव्हा सरळ इलॅस्टिक घातलं, चुण्या मोजायची भानगडच नाही. नऊवारीच्या निऱ्या काय आपण टेप लावून घालतो?

सुई_दोरा: १३ औंसाच्या लोकरीला इलॅस्टिक?? अहो, निऱ्या खोचल्या की खाली मोकळ्या सुटतात, इथे चुण्या कमरेपासून सीटपर्यंत (नितंबांपर्यंत) पक्क्या शिवतात. दोन्हींची तुलनाच नको.

परकर_पोलकं: आपला अनुभव सांगितला. मशीन मारलं असतं तर आत्तापर्यंत झालाही असता.

मुक्काम_लीड्स: भांडू नका. केतकी, रिपीट केवढा आणि दर चुणीला कापड किती घेतेस?

केतकी_ग्लासगो: रिपीट ६ इंच म्हणून ६च घेते. बाहेर दिसणारी चुणी सीटवर ०.८ इंच, एकूण २५. सीट ४०, कंबर ३४.

मुक्काम_लीड्स: सापडलं. दर वेळी अख्खा रिपीट ओलांडलास की पुढची चुणी पुन्हा त्याच रेघेवर येणार, दुसरं काय होणार! चौकडा पुढे सरकायला रिपीट अधिक दिसणारी रुंदी, म्हणजे ६.८ घ्यायचे. २५ चुण्यांना १७० इंच, पुढचे दोन पदर आणि कडेच्या खोल घड्यांना साठ-सत्तर धर, तुझ्याकडे आठ यार्डांचे २८८ आहेत, आरामात पुरतंय. आणि टेप ठेव बाजूला, कापडावरच्या रेघा बघून घडी घाल. पण खरं सांगू, तू केलंस ती चूक नाहीच. रेघेवर चुण्या घालायची ही रीतसर पद्धत आहे, स्कॉटिश पलटणींचे किल्ट असेच असतात.

जोशीकाका: अवांतर: १७४६ च्या कायद्याने तिथल्या पुरुषांना हा पोशाख घालायलाच बंदी केली होती, फौजेतल्यांना तेवढी सूट. १७८२ ला उठली.

रिकामटेकडा: काका, तेव्हाही भाड्याने मिळत नसणार.

सुई_दोरा: रेघेवरच ठेवणार असशील तर वरचा निमुळतेपणा बघ. सीटवर ०.८ तर कमरेत ०.६८ च्या आसपास यायला हवी, आणि रेघ वरपर्यंत मधोमध. ती एका बाजूला कलली की लगेच डोळ्यात येतं.

केतकी_ग्लासगो: देवा, म्हणजे दोन रात्री उगाच रडले. उसवायला कात्री घेतलीच होती, तेवढ्यात हा म्हणाला गजच छान दिसतायत, राहू दे. राहू देतेय. पण आता कमरेपाशी आतून कापडाचा हाऽ गठ्ठा झालाय, पट्टा बसेचना. इस्त्री मारून दबेल का?

सुई_दोरा: नाही दबणार. सीटच्या वरचं आतलं जादा कापड कापून टाकतात. पण आधी आतून टाके घालून चुण्या एकमेकींना बांध, मग काप, मग बकरम (ताठ कापड), शेवटी अस्तर.

केतकी_ग्लासगो: कापू??? एवढं महागाचं कापड?

परकर_पोलकं: म्हणून म्हणत होते, इलॅस्टिक.