'कलर-ब्लाइंड कास्टिंग'ला मराठीत काय म्हणावं?

तिकटीवरचा: कॉलेजच्या जुन्या सिनेमांच्या रिमेकवरचा लेख मराठीत करतोय. त्यात नटाचा वंश, रंग न बघता भूमिका देण्याला 'कलर-ब्लाइंड कास्टिंग' म्हटलंय, आणि 'वर्गभेद'ही येतो. 'रंगांध पात्रनिवड' लिहिलं तर संपादक म्हणतात, हा डोळ्यांचा दोष झाला. 'वर्णनिरपेक्ष' चालेल?

पेठकर: नको. 'वर्ण' म्हटलं की आपल्याकडं आधी चातुर्वर्ण्य उभं राहतं. 'वंशनिरपेक्ष' घ्या, तेही जपून. 'मीन गर्ल्स' या अमेरिकी सिनेमातली कॅरन स्मिथ 2024च्या नव्या सिनेमात कॅरन शेट्टी झाली, भूमिका भारतीय वंशाच्या अवंतिकाची. आडनावच बदललं, मग निरपेक्ष कसलं? ते 'वंशसजग', म्हणजे वंश बघूनच केलेली निवड.

उपनगरी: 'वंशसजग' कोण बोलतं हो? पण फरक खरा आहे. 'वेस्ट साइड स्टोरी'त 1961 साली प्वेर्तो रिकन मारिया गोऱ्या नॅटली वुडनं केली, बाकी नटांना रंग फासून सावळं केलं. 2021च्या रिमेकला लॅटिन वंशाची रेचल झेग्लर आली, आणि स्पॅनिश संवादांना सबटायटलही दिली नाहीत. दोन्हीला एकच शब्द लावू नका.

नादखुळा: आणि 'वर्गभेद' तर अजिबात नको. शाळा-कॉलेजच्या सिनेमात वाचक अ तुकडी, ब तुकडी समजंल. सरळ 'गरीब-श्रीमंत' लिहा की.

पेठकर: त्यात जात गळते. 'सैराट'मध्ये (2016) पाटील आणि काळे. त्याच्या हिंदी रिमेकमध्ये, 'धडक'मध्ये (2018) सिंह आणि बागला, गाव उदयपूर, पोराच्या घरचं हॉटेल. मासे धरणाऱ्याच्या पोराचा हॉटेलवाल्याचा पोरगा झाला, की निम्मी दरी तिथंच बुजली.

रंकाळा: बोलीचं कुणी बोलत नाही. कोल्हापूरकडची पोरगी 'मी जातो' म्हणते. निवडीच्या जाहिरातीत 'वय 18 ते 22, गोरी, उंच' असतं, बोलीचा रकाना नसतो. मग 'जाते' म्हणणारी येते, आणि आवाज नंतर इथल्या मुलीचा भरतात. 'ते'ला ओठ फाकतात, 'तो'ला गोल होतात. लांबच्या शॉटमध्ये खपतं, क्लोजअपमध्ये उघडं पडतं. सेटवरच 'जातो' म्हणवून घ्यावं.

शुद्धवादी: मुळात 'पात्रनिवड'च चूक. पात्र लेखक लिहितो, निवडतात तो नट. 'नटनिवड' म्हणा.

नादखुळा: नाटकवाले 'पार्ट वाटले' म्हणायचे. 'स्त्रीपार्टी', म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, त्यातलाच.

पेठकर: इथं कोल्हापुरातच बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' या मूकपटात (1920) बायका घेतल्या. तेव्हा घराण्यातल्या बाईनं पडद्यावर येणं म्हणजे बट्टा. ती निवड वर्गाचीच होती.

तिकटीवरचा: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. 'रंगांध' की 'वंशनिरपेक्ष'?

शुद्धवादी: आधी 'रिमेक'ला काय लिहिलंय ते सांगा.